सिंगापुरात कंपनी काढायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापुरातल्या छोट्या कंपन्यांची सेक्रेटरीची कामं, म्हणजे कायद्याने लागणाऱ्या नोंदी आणि विवरणं, पाहणं हा माझा व्यवसाय. महाराष्ट्रातून येणाऱ्या फोनवर तेच पंधरा-सोळा प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांतले निम्मे कंपनी काढून झाल्यावर येतात. तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून ही उत्तरं आधीच लिहून ठेवली आहेत. फी, कर आणि पगाराच्या मर्यादा दर अर्थसंकल्पात हलतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या त्या खात्याच्या संकेतस्थळावर चालू आकडा जरूर पाहा.

एका दिवसात कंपनी निघते, हे खरं आहे का?

खरं आहे. कंपन्यांची नोंदणी 'अक्रा' या सरकारी संस्थेकडे 'बिझफाइल' नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत होते. नाव मंजूर करायला १५ सिंगापूर डॉलर, नोंदणीला ३०० डॉलर. कागद नीट असतील तर त्याच दिवशी यूईएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक हातात येतो. नावात बँक, शाळा, विमा असा एखादा शब्द असेल तर अर्ज संबंधित खात्याकडे जातो आणि मग आठवडे लागू शकतात.

पण नोंदणी हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. अडतं ते बँकेत, आणि त्याहून जास्त भारतातल्या नियमांत.

मी पुण्यात राहतो. घरबसल्या स्वतः अर्ज करता येईल का?

नाही. बिझफाइलमध्ये जायला 'सिंगपास' ही सरकारी डिजिटल ओळख लागते आणि ती तिथल्या रहिवाशांना मिळते. परदेशी माणसाला नोंदणीकृत सेवादात्याकडूनच, म्हणजे कंपन्यांची अशी कामं करून देणाऱ्या अक्राकडे नोंदलेल्या पेढीकडूनच, अर्ज करावा लागतो. तुम्हाला विमानात बसायची गरज मात्र नाही. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि धंद्याची माहिती दिली की काम होतं.

खाजगी कंपनीला किमान एक भागधारक लागतो, जास्तीत जास्त पन्नास चालतात, आणि शंभर टक्के शेअर तुमच्या नावावर असू शकतात. किमान एक डायरेक्टर सिंगापुरात राहणारा हवा. नोंदणीपासून सहा महिन्यांच्या आत तिथेच राहणारा कंपनी सेक्रेटरी नेमावा लागतो, आणि डायरेक्टर एकच असेल तर तोच सेक्रेटरी होऊ शकत नाही. नोंदणीकृत पत्ता खऱ्या जागेचा हवा, टपालपेटीचा चालत नाही.

तिथे ओळखीचं कुणी नाही. मग डायरेक्टर कुठून आणायचा?

बहुतेक जण सेवादात्याकडून 'नॉमिनी डायरेक्टर' घेतात. तो माणूस तुमच्या धंद्यात लक्ष घालत नाही, सह्यांचे अधिकार घेत नाही, फक्त कायद्याची अट पूर्ण करतो. यात बेकायदा काही नाही. पण दोन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट, कायद्याच्या नजरेत नॉमिनी हा पूर्ण डायरेक्टर असतो. कंपनीने काही गैर केलं तर जबाब त्यालाही द्यावा लागतो. म्हणून चांगला नॉमिनी तुमच्याकडे करार, इन्व्हॉइस, बँकेची विवरणं मागत राहतो. हा त्रास वाटून घेऊ नका. जो काहीच विचारत नाही त्याच्यापासून लांब राहा, कारण असा माणूस एकाच वेळी शेकडो कंपन्यांवर बसलेला असतो आणि त्यांतली एखादी बुडाली की त्याच्या सगळ्याच कंपन्यांकडे तपासयंत्रणांचं लक्ष जातं. जून २०२५ पासून नियम आणखी कडक झाले आहेत: धंदा म्हणून नॉमिनी डायरेक्टर होणाऱ्याची नेमणूक नोंदणीकृत सेवादात्यामार्फतच व्हावी लागते, आणि तो माणूस त्या कामाला योग्य आहे याची खात्री सेवादात्याने करायची असते. नॉमिनी असल्याची नोंदही अक्राकडे होते.

दुसरी गोष्ट कराची आहे, आणि ती कुणी आधी सांगत नाही. कंपनी सिंगापुरात नोंदलेली आहे एवढ्याने ती तिथली कर-रहिवासी ठरत नाही. धोरणाचे निर्णय कुठे घेतले जातात, संचालक मंडळ कुठे बसतं, हे पाहिलं जातं. सगळे निर्णय पुण्यात आणि सिंगापुरात फक्त नॉमिनी अशी स्थिती असेल, तर भारत-सिंगापूर कर कराराचा फायदा घ्यायला लागणारा रहिवासी दाखला मिळणं अवघड जातं. नव्या कंपन्यांची करसवलतही रहिवासी कंपनीलाच आहे. म्हणजे ज्या फायद्यासाठी कंपनी काढली, तोच हातातून जातो.

भांडवल किती लागतं?

एक डॉलर पुरतो. आणि तिथेच पाय घसरतो.

नेहमीचं उदाहरण सांगतो. एजंट म्हणतो, शंभर डॉलरच्या भांडवलावर कंपनी काढू, पैसे आम्ही भरलेले दाखवतो, तुम्ही नंतर द्या. शेअर तुमच्या नावावर लागतात. भारतातून एक रुपयाही बँकेमार्फत गेलेला नसतो. वर्षभराने धंदा वाढतो, पन्नास हजार डॉलर पाठवायची वेळ येते, आणि तुमची बँक विचारते, "हे आधीचे शेअर कसे आले? कुठल्या फॉर्मवर कळवलंत?" याला उत्तर नसतं. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशातल्या बिगर-सूचीबद्ध, म्हणजे शेअरबाजारात न नोंदलेल्या, कंपनीचा एक शेअर घेतला तरी फेमा या परकीय चलन कायद्याखालच्या नियमांत ती थेट परदेशी गुंतवणूक ठरते. रक्कम शंभर डॉलर आहे की शंभर हजार, याने फरक पडत नाही.

मग भारतातून पैसे पाठवायची बरोबर पद्धत कोणती?

हे उत्तर लांब आहे, पण सगळ्यांत महत्त्वाचंही हेच आहे.

२२ ऑगस्ट २०२२ पासून परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम लागू आहेत. भारतात राहणारी व्यक्ती उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे बोलीभाषेतल्या 'एलआरएस'मध्ये, एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवू शकते. मुलाची परदेशातली फी, सहली, परदेशी शेअर हे सगळं याच मर्यादेत मोजलं जातं.

क्रम असा ठेवा. आधी परकीय चलनाचं काम करणाऱ्या तुमच्या बँकशाखेत जाऊन बोला. गावातल्या छोट्या शाखेत हे काम वर्षातून एकदा येत असेल तर जिल्ह्याच्या किंवा मुंबई-पुण्याच्या परकीय चलन शाखेची गाठ घ्या, वेळ वाचेल. बँक 'फॉर्म एफसी' घेते आणि रिझर्व्ह बँकेकडून तुमच्या परदेशी कंपनीसाठी यूआयएन हा ओळख क्रमांक मिळवते. तो क्रमांक पुढे त्या कंपनीशी जोडलेल्या प्रत्येक रकमेवर लागतो. मग पैसे थेट सिंगापूरच्या कंपनीच्या खात्यात जातात. शेअर प्रमाणपत्र सहा महिन्यांच्या आत बँकेला द्यायचं. त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल, 'एपीआर'. हा चुकला तर विलंब शुल्क तर लागतंच, शिवाय चूक दुरुस्त होईपर्यंत त्या कंपनीत पुढचा पैसा पाठवता येत नाही.

वर्षभरातली रक्कम दहा लाख रुपयांच्या पुढे गेली की वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. हा वेगळा कर नाही, विवरणपत्रात वजा होतो किंवा परत मिळतो. पण तोवर रक्कम अडकते. चाळीस लाख पाठवायचे असतील तर आणखी सहा लाख हाताशी ठेवा.

स्वतःच्या नावावर गुंतवणूक करणाऱ्याला आणखी काही बंधनं आहेत. कंपनीला कर्ज म्हणून पैसा देता येत नाही, भागभांडवलच घ्यावं लागतं. वित्तसेवा देणारी कंपनी काढता येत नाही. जमीनजुमल्याच्या खरेदी-विक्रीचा धंदा आणि जुगार तर सगळ्यांनाच बंद आहेत. भारतातली तुमची प्रायव्हेट लिमिटेड गुंतवणूकदार असेल तर तिला नक्त मालमत्तेच्या चारपटीपर्यंत वाव मिळतो आणि कर्जही देता येतं. घरचा धंदा आधीपासून चांगला चालू असेल तर हाच रस्ता मला जास्त स्वच्छ वाटतो.

गुंतवणूकदार म्हणतात, वर सिंगापूरची कंपनी ठेवा आणि खाली भारतातली. जमेल का?

तुम्ही भारताचे रहिवासी असाल आणि सिंगापूरच्या कंपनीवर तुमचं नियंत्रण असेल, तर त्या कंपनीला उपकंपनी असू शकत नाही. नियंत्रणाची व्याख्याही रुंद आहे, दहा टक्के मतदानाचा हक्क पुरतो. म्हणजे व्यक्ती म्हणून सिंगापूरला कंपनी काढून तिच्या नावावर पुण्याच्या कंपनीचे शेअर करायचे, हा बेत नियमांतच बसत नाही. तरी लोक करतात, आणि पुढच्या गुंतवणूकफेरीत वकिलांच्या तपासणीत ते उघडं पडतं.

उलटा प्रवासही लक्षात घ्या. फोनपेने २०२२ मध्ये आपलं नोंदणीस्थान सिंगापूरहून भारतात आणलं, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला. घर बाहेर न्यायला एक खर्च, परत आणायला दुसरा. तुमचा ग्राहक भारतीय, माणसं भारतीय आणि उद्याचा शेअरबाजारही मुंबईचाच असेल, तर कंपनी इथेच राहू द्या असं मी मनापासून सांगतो.

तिथे १७ टक्के कर आहे. मग भारतात काही भरायचं नाही ना?

आधी तिथला हिशेब पाहू. कंपनीकर १७ टक्के, पण करपात्र नफ्याच्या पहिल्या १०,००० डॉलरवर ७५ टक्के आणि पुढच्या १,९०,००० डॉलरवर ५० टक्के सूट सगळ्याच कंपन्यांना आहे. नफा दोन लाख डॉलर असेल तर कर १६,५७५ डॉलर बसतो. नव्या रहिवासी कंपनीला पहिली तीन करनिर्धारण वर्षं जास्त सूट मिळते: पहिल्या एक लाखावर ७५ टक्के, पुढच्या एक लाखावर ५० टक्के. त्यासाठी भागधारक वीसपेक्षा जास्त नकोत, आणि ते सगळे व्यक्ती हवेत किंवा निदान एका व्यक्तीकडे दहा टक्के शेअर हवेत. त्याच दोन लाखांवर मग १२,७५० डॉलर कर बसतो. दोहोंतला फरक ३,८२५ डॉलर. नॉमिनीच्या फीपोटी त्यातला बराचसा निघून जाऊ शकतो, हे शेजारी मांडून पाहा.

भांडवली नफ्यावर सर्वसाधारणपणे कर नाही. लाभांशावर भागधारकाला कर नाही, आणि बाहेर पाठवताना कपातही नाही.

आता भारत. तुम्ही इथले रहिवासी असाल तर जगभरातलं तुमचं उत्पन्न इथे करपात्र आहे. सिंगापूरहून आलेला लाभांश तुमच्या उत्पन्नात मिळतो आणि तुमच्या टप्प्याने कर लागतो. तिथे तुमच्या लाभांशातून काही कापलेलं नसल्यामुळे व्यक्ती म्हणून वजावटीला काही उरत नाही. कंपनीने १७ टक्क्यांनी भरला, वर तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्याने भरला, अशी बेरीज होते. भारतातल्या कंपनीला सवलतीच्या पर्यायात अधिभार आणि उपकरासह २५.१७ टक्के बसतात. नफा दरवर्षी घरी आणायचा असेल तर 'कर वाचेल' हे कारण फारसं टिकत नाही. नफा कंपनीतच ठेवून बाहेरचा धंदा वाढवायचा असेल, तर टिकतं.

शिवाय भारतातल्या प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं 'शेड्यूल एफए' भरावंच लागतं: शेअर, बँकखातं, सह्यांचा अधिकार, सगळं. ते राहून गेलं तर काळ्या पैशाविरोधातल्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत जाणारा दंड आहे. स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला २०२४ पासून या दंडातून मोकळीक मिळाली आहे, पण माहिती भरायची जबाबदारी तशीच आहे.

मी सांगलीत बसूनच सगळं चालवणार. अडचण येईल?

येऊ शकते. परदेशी कंपनीचं खरं व्यवस्थापन भारतातून होत असेल तर तिला भारताची कर-रहिवासी मानण्याची तरतूद आहे. २०१७ च्या परिपत्रकाने वर्षाला ५० कोटी रुपये किंवा त्याहून कमी उलाढालीच्या कंपन्यांना यातून वगळलं, आणि छोटे उद्योजक तेवढं वाचून निर्धास्त होतात. पण तो एकच दरवाजा बंद झाला. तुम्ही सांगलीतून ग्राहकांशी वाटाघाटी करता, करार पक्के करता, काम इथली माणसं करतात, तर त्या परदेशी कंपनीचं भारतात 'कायमचं ठिकाण', म्हणजे कर लावण्याजोगं धंद्याचं ठिकाण, आहे असं प्राप्तिकर खातं म्हणू शकतं. मग त्या नफ्यावर परदेशी कंपनीचा ३५ टक्के दर लागतो, वर अधिभार आणि उपकर.

बेदाणा आणि हळद निर्यात करतो. बिल सिंगापूरच्या कंपनीवरून केलं तर?

माल न्हावाशेवाहून थेट दुबईच्या जेबेल अली बंदराला जातो आणि कागद फक्त सिंगापूरमार्गे फिरतो, अशी ही कल्पना असते. बिल तसं करायला बंदी नाही. पण भारतातली तुमची पेढी आणि तिथली तुमची कंपनी या संबंधित व्यक्ती ठरतात. दोघींमधला दर बाजारभावाचा हवा आणि सीएने तो दरवर्षी प्रमाणित करावा लागतो. इथे शंभरला विकून तिथून दीडशेला विकलं, तर मधले पन्नास सिंगापुरात कुठल्या कामाचे मिळाले, हे दाखवता आलं पाहिजे. तिथे खरोखर ग्राहक शोधणारा माणूस, गोदाम किंवा प्रतवारीचं काम असेल तर उत्तर आहे. नुसता पत्ता असेल तर नाही. माल सिंगापुरात उतरवणार असाल तर आयातीवर ९ टक्के जीएसटी आणि अन्नपदार्थांसाठी तिथल्या अन्न प्राधिकरणाचा परवाना, हेही आलं.

बँकखातं किती दिवसांत उघडतं?

ठरवून सांगता येत नाही. कधी दोन आठवडे, कधी तीन महिने, कधी नकार, आणि नकाराचं कारण सांगत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलिसांनी दहा परदेशी लोकांना काळा पैसा पांढरा करण्याच्या प्रकरणात पकडलं आणि तीन अब्ज सिंगापूर डॉलरहून जास्त मालमत्ता ताब्यात घेतली. तेव्हापासून परदेशी मालकाच्या नव्या कंपनीकडे बँका फार बारकाईने पाहतात.

बँकेला एकच गोष्ट पटवायची असते: धंदा खरा आहे. दोन-तीन ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार, सहीचा करार, भारतातल्या पेढीचे ताळेबंद, पैसा कुठून येणार आणि कुठे जाणार याचं एक पान साध्या भाषेत. हे तयार ठेवलेल्यांचं काम पुढे सरकतं. आणि सिंगापूरच कशाला, याचं तुमच्या शब्दांतलं उत्तर हवं. एजंटाने पाठ करून दिलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. शक्य असेल तर स्वतः जाऊन भेटा. मुंबईहून साडेपाच तासांचा प्रवास आहे, आणि समोरासमोर बसून झालेल्या बोलण्याने अनेक खाती उघडलेली मी पाहिली आहेत.

कंपनी काढली की तिथे राहायला मिळतं का?

नाही. मालकी वेगळी, कामाचा परवाना वेगळा. स्वतःच्या कंपनीतून 'एम्प्लॉयमेंट पास' मागता येतो, पण २०२५ पासून किमान पगार महिना ५,६०० डॉलर आहे, वित्तक्षेत्रात ६,२००, आणि वय वाढतं तशी ही मर्यादाही चढते. शिवाय 'कंपास' नावाची गुणपद्धत आहे, तिच्यात चाळीस गुण लागतात. नव्या, एका माणसाच्या कंपनीला ते जड जातात. जोडीदाराला आणि मुलांना सोबत न्यायचं तर पगार ६,००० हवा.

संस्थापकांसाठी 'आँत्रपास' आहे, पण तो गुंतवणूक मिळालेल्या किंवा नव्या तंत्रज्ञानावर उभ्या कंपन्यांसाठी. खाणावळी, मसाज केंद्रं, नोकरभरती संस्था यांना तो मिळत नाही. मिसळीचं दुकान काढायचं स्वप्न घेऊन बरेच जण विचारतात, त्यांना हे सांगताना वाईट वाटतं.

दरवर्षी काय काय करावं लागतं?

आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत अंदाजित उत्पन्न करखात्याला, सहा महिन्यांत वार्षिक सभा, सात महिन्यांत अक्राकडे वार्षिक विवरण आणि ६० डॉलर फी. कराचं विवरणपत्र ३० नोव्हेंबरपर्यंत. वार्षिक विवरण चुकलं तर ३०० डॉलर दंड, तीन महिन्यांहून जास्त उशीर झाला तर ६००. कंपनीमागे खरा मालक कोण, याची नोंदवही ठेवावी लागते. उलाढाल दहा लाख डॉलरपुढे गेली की जीएसटी नोंदणी.

वर्षअखेर कुठलीही निवडता येते. भारतातल्या हिशेबाशी मेळ बसावा म्हणून मी ३१ मार्च सुचवतो. शेड्यूल एफए मात्र कॅलेंडर वर्षावर चालतं, तेवढं सीएला आठवण करून द्या.

छोट्या कंपनीला ऑडिट माफ आहे ना?

सिंगापुरात माफ आहे: उलाढाल एक कोटी डॉलरपर्यंत, मालमत्ता एक कोटीपर्यंत, नोकर पन्नासपर्यंत, यांतल्या दोन अटी पाळल्या तर. पण भारतात द्यायचा एपीआर ऑडिट झालेल्या हिशेबावरच लागतो, जर कंपनीवर नियंत्रण तुमचं असेल. त्यामुळे तिथला कायदा मागत नसतानाही ऑडिट करून घ्यावं लागतं. हा खर्च जवळजवळ कुणीच आधी धरत नाही.

एकूण खर्च किती धरू?

सरकारी फी ३१५ डॉलर, तो आकडा विसरा. सेक्रेटरी, पत्ता, नॉमिनी, हिशेबनीस, करविवरण, ऑडिट आणि भारतातल्या सीएची फी मिळून, एकही व्यवहार न करता, वर्षाला काही हजार सिंगापूर डॉलर जातात. जाहिरातीतल्या किमतीत यातलं बरंच काही नसतं. दुसऱ्या वर्षाचं दरपत्रक पहिल्याच दिवशी लेखी मागा.

मग ही कंपनी नेमकी कुणी काढावी?

ज्याचे ग्राहक आग्नेय आशियात किंवा इतरत्र बाहेर आहेत आणि ज्यांना भारतीय कंपनीशी करार करणं अडचणीचं जातं, त्याने. ज्याचा भागीदार किंवा नातलग आधीच तिथे राहतो आणि खरंच काम पाहणार आहे, त्याने. तिथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाने तर बिनधास्त काढावी, त्याला भारतीय नियमांचा निम्मा व्याप नाही. वीस-पंचवीस लाखांची उलाढाल आणि सगळे ग्राहक महाराष्ट्रात असतील, तर मी काम घेत नाही.

नाहीच जमलं तर बंद कशी करायची?

अक्राकडे नाव काढून टाकण्याचा अर्ज करायचा, त्याला फी नाही. धंदा थांबलेला हवा, देणी आणि मालमत्ता शून्य हव्यात, कराची थकबाकी नको. साधारण चार महिने लागतात. क्रम सांभाळा: आधी शेवटचं करविवरण, करखात्याकडून काही परतावा यायचा असेल तर तो खात्यात येऊ द्या, उरलेला पैसा भारतात पाठवा, मग खातं बंद करा आणि मग अर्ज. नाव निघाल्यावर कंपनीच्या नावावर काही शिल्लक राहिलं तर ते सरकारी अधिकाऱ्याकडे जातं.

कंपनीकडून तुम्हाला येणं असलेली रक्कम नव्वद दिवसांत भारतात आणायची असते, आणि पैसे आल्यापासून तीस दिवसांत बँकेमार्फत निर्गुंतवणूक कळवायची. त्या शेवटच्या वर्षाचं शेड्यूल एफएही भरा, कंपनी वर्षाच्या मध्येच बंद झालेली असली तरी.